शानलिउर्फा: आधी संग्रहालय, मग टेकडी

तुर्कस्तानच्या आग्नेय भागातील शानलिउर्फा या शहरात परदेशी पर्यटक बहुधा एकाच कारणासाठी येतात आणि ते कारण म्हणजे गोबेक्ली तेपे. शिकार करून आणि रानातले धान्य वेचून जगणाऱ्या माणसांनी, शेती रुजण्याच्या आणि मातीची भांडी घडू लागण्याच्याही आधी, सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी या टेकडीवर प्रचंड दगडी स्तंभ उभारले. पर्यटक आदल्या रात्री विमानाने येतात, सकाळी टेकडीवर जातात, छपराखालच्या लाकडी मार्गावरून एक फेरी मारतात आणि संध्याकाळी परत फिरतात. अशा धावत्या भेटीत छायाचित्रे भरपूर मिळतात, पण आपण नेमके काय पाहिले याचा उलगडा होत नाही.

याचे कारण साधे आहे. या प्रदेशात जागा एकीकडे आहे आणि त्या जागेत सापडलेल्या वस्तू दुसरीकडे आहेत. गोबेक्ली तेपेचे स्तंभ टेकडीवर आहेत, पण तिथल्या मूर्ती शहरातील संग्रहालयात आहेत. नेवाली चोरी हे स्थळ धरणाच्या पाण्याखाली गेले आणि त्यातील मुख्य वास्तू संग्रहालयात पुन्हा उभी केली गेली. उर्फाजवळच्या हार्रान या प्राचीन शहरातल्या मशिदीच्या पायऱ्यांत सापडलेले बॅबिलोनी राजाचे शिलापटही संग्रहालयातच आहेत. त्यामुळे उर्फाच्या सहलीत कोणती स्थळे पाहायची यापेक्षा ती कोणत्या क्रमाने पाहायची, याला अधिक महत्त्व आहे. आधी संग्रहालय, मग टेकडी, मग जुने शहर आणि त्यानंतर हार्रानचे मैदान, असा क्रम मी सुचवतो. त्यासाठी तीन पूर्ण दिवस हाताशी हवेत, आणि चार मिळाले तर फारच उत्तम.

जाण्यापूर्वीची तयारी

मुंबईहून इस्तंबूलला थेट विमान आहे आणि इस्तंबूलहून उर्फाला देशांतर्गत विमानाने दोन तासांच्या आत पोहोचता येते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. इस्तंबूलला दोन मोठे विमानतळ आहेत, एक युरोपीय बाजूला आणि दुसरा, सबिहा गोकचेन नावाचा, आशियाई बाजूला. स्वस्त देशांतर्गत तिकीट पुष्कळदा या दुसऱ्या विमानतळावरचे निघते आणि एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाण्यात वाहतुकीमुळे दोन-तीन तास सहज मोडतात. तिकीट काढताना विमानतळाचे नाव वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. उर्फाचा विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. गाझिआन्तेपहून रस्त्याने यायचे झाल्यास बसला सुमारे दोन-अडीच तास लागतात, आणि तिथले झ्यूग्मा मोझेक संग्रहालय (रंगीत तुकड्यांच्या चित्रफरशांचे) पाहायचे असेल तर हा मार्ग सोयीचा आहे.

भारतीय पारपत्रधारकांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा सरसकट मिळत नाही. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा अथवा रहिवासी परवाना असेल तरच तो ऑनलाइन मिळतो. इतरांना रीतसर अर्ज करून व्हिसा घ्यावा लागतो, त्यासाठी पुरेसे आठवडे हाताशी ठेवावेत. सीरियाची सीमा या जिल्ह्याला लागूनच असल्यामुळे निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचाव्यात आणि प्रवास विम्यात हा भाग वगळलेला नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

ऋतूच्या बाबतीत तडजोड करू नये. जुलै-ऑगस्टमध्ये इथले तापमान चाळीस अंशांच्या वर जाते आणि हार्रानच्या मैदानात सावलीला झाडही मिळत नाही. एप्रिल, मे आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. एप्रिलमध्ये टेकड्या हिरव्या असतात आणि गव्हाची शेते डोलत असतात. ज्या भूमीत माणसाने रानगहू पहिल्यांदा पेरायला घेतला, ती भूमी अशा दिवसांत पाहण्यात विशेष औचित्य आहे.

राहण्यासाठी बालिक्लिगोल तलावाच्या आसपासचा जुना भाग निवडावा. तिथे जुन्या दगडी वाड्यांची अतिथिगृहे झाली आहेत. मधोमध चौक, भोवती खोल्या आणि पिवळसर चुनखडीच्या भिंती. संग्रहालय, बाजार आणि मशिदी तिथून पायी गाठता येतात. परदेशी पर्यटकांसाठी संग्रहालयांचा पंधरा दिवसांचा सामाईक पास मिळतो. इस्तंबूल, इफेसस वगैरेही पाहायचे असेल तर तो घ्यावा. केवळ उर्फासाठी सुटी तिकिटे आणि पास यांच्या किमती ताडून पाहाव्यात, कारण परदेशी पर्यटकांचे दर वरचेवर बदलतात. फेब्रुवारी २०२३ चा भूकंप आणि पाठोपाठ मार्चमध्ये आलेला पूर यांचा या शहराला मोठा फटका बसला होता. दुरुस्तीमुळे एखादे दालन किंवा वास्तू बंद असू शकते, म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारपूस करावी.

पहिला दिवस: पुरातत्त्व संग्रहालय

शानलिउर्फा पुरातत्त्व संग्रहालयाची सध्याची इमारत २०१५ मध्ये खुली झाली. तुर्कस्तानातील सर्वांत मोठ्या संग्रहालयांत तिची गणना होते आणि तिथली दालने कालक्रमाने मांडलेली आहेत. ही मांडणी मोडू नये. रोमन पुतळ्यांकडे धावण्याचा मोह आवरून पहिला दीड तास केवळ नवाश्मयुगाच्या दालनांना द्यावा, कारण हा काळ अशा दर्जाच्या वस्तूंसह जगात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतो.

सुरुवात नेवाली चोरीपासून करावी, असे माझे मत आहे. युफ्रेटिसच्या खोऱ्यातील या वस्तीचे उत्खनन हाराल्ड हाउप्टमान यांच्या नेतृत्वाखाली १९८३ ते १९९१ या काळात झाले. अतातुर्क धरणाचे पाणी चढणार हे ठाऊक असल्याने काम घाईने उरकावे लागले आणि १९९२ मध्ये स्थळ बुडाले. तिथे चौरस आकाराची, घोटीव जमीन असलेली एक वास्तू सापडली होती. तिच्या भिंतींत आणि मध्यभागी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे स्तंभ होते. ही वास्तू संग्रहालयात पुन्हा उभारली आहे. तिथेच एक दगडी मस्तक पाहावे, ज्याच्या मागच्या बाजूला साप वर चढताना कोरलेला आहे.

नेवाली चोरीला अग्रक्रम देण्याचे कारण पुढच्या शोधात आहे. गोबेक्ली तेपेची टेकडी १९६३ मध्येच इस्तंबूल आणि शिकागो विद्यापीठांच्या पाहणीत नोंदली गेली होती. परंतु वर डोकावणारे तुटके दगड मध्ययुगीन कबरींचे असावेत असे समजून ती बाजूला ठेवण्यात आली. १९९४ मध्ये जर्मन पुरातत्त्वज्ञ क्लाउस श्मिट तिथे गेले, तेव्हा त्यांना ते दगड ओळखता आले, कारण नेवाली चोरीच्या उत्खननात त्यांनी काम केले होते आणि तसेच स्तंभ जवळून पाहिले होते. १९९५ मध्ये त्यांनी खोदकाम सुरू केले आणि २०१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. पाण्याखाली गेलेल्या एका गावाने दुसऱ्या टेकडीची ओळख पटवून दिली, आणि ते गाव आज फक्त या दालनात पाहता येते.

यानंतर ‘उर्फा मानव’ म्हणून ओळखला जाणारा पुतळा. बालिक्लिगोलच्या परिसरात बांधकामाच्या वेळी १९९३ मध्ये तो तुकड्यांच्या रूपात सापडला. सुमारे १.८० मीटर उंचीचा, म्हणजे पुरत्या माणसाएवढा, आणि अंदाजे इसवी सनपूर्व ९००० च्या सुमाराचा हा पुतळा जगातील सर्वांत जुना ज्ञात पूर्णाकृती मानवी पुतळा मानला जातो. त्याच्यासमोर थोडा वेळ थांबावे. डोळ्यांच्या खोबणीत काळ्या ज्वालाकाचाचे तुकडे बसवले आहेत, गळ्याखाली दुहेरी व्ही आकाराची पट्टी आहे, दोन्ही हात पोटाखाली एकत्र आले आहेत आणि चेहऱ्याला तोंड कोरलेले नाही. नाक आहे, कानही आहेत, मात्र ओठांच्या जागी सपाट दगड आहे. शिल्पकाराचा हात पाहता हे राहून गेले असावे असे मुळीच वाटत नाही.

गोबेक्ली तेपेच्या चार मुख्य वर्तुळाकार वास्तूंपैकी ‘डी’ या वास्तूची पूर्णाकृती प्रतिकृतीही संग्रहालयात आहे आणि तिच्यात आतपर्यंत जाता येते. प्रतिकृती म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण टेकडीवर पर्यटक वरून आणि दुरून पाहतो, तर इथे स्तंभांच्या मधोमध उभे राहता येते. मधल्या दोन स्तंभांची उंची सुमारे साडेपाच मीटर. त्यांच्या अरुंद कडांवर दोन्ही हातांची बोटे पोटाजवळ एकमेकांकडे येताना दिसतील. खाली कमरपट्टा आणि त्यावरून लोंबणारे कोल्ह्याचे कातडे दिसेल. ही बोटे दिसली की टी आकाराचा अर्थ लागतो. आडवा दगड हे मस्तक आणि उभा दगड हे शरीर. हे स्तंभ म्हणजे चेहरा नसलेली माणसे आहेत. प्रतिकृतीत ही बोटे पाहून ठेवली तरच दुसऱ्या दिवशी खऱ्या स्तंभावर ती नजरेस पडतात.

पुढच्या दालनांत हार्रानहून आणलेले नाबोनिडस राजाचे शिलापट शोधावेत. बॅबिलोनचा हा राजा इसवी सनपूर्व ५५६ ते ५३९ या काळात गादीवर होता आणि चंद्रदेव सिनचा भक्त होता. हातात दंड घेतलेला राजा चंद्र, सूर्य आणि तारा यांच्या चिन्हांसमोर उभा आहे. हे शिलापट १९५६ मध्ये हार्रानच्या मोठ्या मशिदीच्या प्रवेशद्वारांशी पायऱ्यांच्या फरसबंदीत पालथे बसवलेले आढळले. त्यांचे छायाचित्र भ्रमणध्वनीत जपून ठेवावे. हार्रानला ते उपयोगी पडते.

मोझेक संग्रहालय आणि खडकातील कबरी

त्याच आवारात हालेप्लिबाहचे मोझेक संग्रहालय आहे. २००६ मध्ये येथे बांधकाम चालू असताना एका आलिशान रोमन निवासाच्या फरशा उघड्या पडल्या आणि त्या जागेवरच विशाल घुमट उभारून त्यांचे जतन केले गेले. घोड्यावरून वन्य पशूंची शिकार करणाऱ्या ॲमेझॉन राण्यांचा पट हे इथले मुख्य आकर्षण आहे. ग्रीक पुराणांतील या योद्ध्या स्त्रियांच्या आकृतींशेजारी त्यांची नावेही लिहिलेली आहेत. अकिलिस या ग्रीक वीराच्या जीवनातील प्रसंगही आहेत.

मला मात्र ऑर्फियसचा पट अधिक मोलाचा वाटतो. वीणेसारखे वाद्य वाजवणारा ग्रीक कथांतील गायक ऑर्फियस आणि भोवती स्तब्ध झालेले पशू, असे हे दृश्य आहे. त्यावर एदेस्साची म्हणजे जुन्या उर्फाची स्वतःची भाषा असलेल्या सिरियाकमधील मजकूर आहे आणि तो इसवी सन १९४ चा आहे. हा पट चोरट्या मार्गाने देशाबाहेर गेला होता. अमेरिकेतील डॅलस कला संग्रहालयाने तो १९९९ मध्ये लिलावात विकत घेतला होता. चोरीचे पुरावे समोर आल्यावर २०१२ मध्ये त्यांनी तो परत केला. चोरीला गेलेल्या मूर्ती परत मिळवण्यासाठी चालणारी झुंज आपल्याकडच्या वाचकांना नवी नाही, म्हणून हा पट पाहताना तो इतिहासही ठाऊक असावा.

बाहेर पडल्यावर जवळच किझिलकोयुन हा खडकात खोदलेल्या कबरींचा उतार आहे. वर्षानुवर्षे त्यावर झोपड्या आणि घरे उभी होती. ती हटवल्यानंतर रोमन काळातील कबरींची रांग पुन्हा दिसू लागली. अर्धा तास पुरतो, आणि उतरत्या उन्हात जाणे सोयीचे.

दुसरा दिवस: गोबेक्ली तेपे

टेकडी शहराच्या ईशान्येला पंधरा ते वीस किलोमीटरवर आहे. शहरातून नगरपालिकेची बस जाते, पण तिच्या फेऱ्या मोजक्या असतात. जाण्यासाठी बस आणि परतण्यासाठी टॅक्सी अशी आखणी फसण्याची शक्यता असते, कारण टेकडीजवळ रिकामी टॅक्सी मिळेलच असे नाही. जाता-येता आणि मधले दोन-अडीच तास थांबण्यासह टॅक्सीचा दर आधी ठरवून घ्यावा. प्रवेशद्वार उघडताच आत शिरावे. मोठ्या सहलींच्या बसगाड्या साधारण दहानंतर येऊ लागतात. माहिती केंद्रातील छोटे दालन पाहून तिथल्या वाहनाने टेकडीपर्यंत जाता येते.

टेकडी सुमारे पंधरा मीटर उंच आणि तीनशे मीटर व्यासाची आहे आणि ती निसर्गनिर्मित नाही. उघड्या चुनखडीच्या पठारावर माणसांनी पिढ्यानपिढ्या बांधलेल्या वास्तू, मलबा आणि माती यांचे थर साचून ती तयार झाली आहे. भूभौतिक पाहणीत अशा वीसेक वर्तुळाकार वास्तू जमिनीखाली असल्याचे दिसले आहे. उघड्या झालेल्या त्यांतील मोजक्याच. २०१८ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. काळाचा अंदाज यावा म्हणून आपल्याकडचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांची म्हणून अभ्यासली गेलेली इनामगावची वस्ती इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकातली. गोबेक्ली तेपेचे सर्वांत जुने स्तंभ तिच्याहून जवळपास आठ हजार वर्षे जुने आहेत.

लाकडी मार्गावरून एक फेरी वेगाने न मारता दोन फेऱ्या माराव्यात. पहिल्या फेरीत फक्त रचना पाहावी. मधोमध दोन उंच स्तंभ, भोवती भिंतीत बसवलेले ठेंगणे स्तंभ, त्यांची तोंडे मधल्या जोडीकडे. दुसऱ्या फेरीत कोरीव काम शोधावे. छतामुळे प्रकाश पसरट असतो आणि उठावाच्या सावल्या ठळक पडत नाहीत, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना बरेच काही दिसत नाही. लहान दुर्बीण जवळ असेल तर सकाळ सार्थकी लागते. कोल्हे, रानडुकरे, साप, बगळ्यासारखे पक्षी, विंचू. बहुतेक प्राणी नर आहेत आणि अनेक दात विचकलेले आहेत. ‘सी’ वास्तूतील एका स्तंभावर शिकारी श्वापद खाली उतरताना असे कोरले आहे की ते दगडापासून जवळजवळ सुटे झाले आहे. ते वेगळे घडवून चिकटवलेले नाही. सारा स्तंभ त्या श्वापदापुरता दगड राखून तासावा लागला असणार, आणि तेही गारगोटीच्या हत्यारांनी.

‘डी’ वास्तूतील त्रेचाळीस क्रमांकाचा स्तंभ सर्वांत प्रसिद्ध. वर पंख पसरलेले गिधाड, पंखाजवळ एक गोल, खाली विंचू आणि तळाशी मस्तक नसलेला माणूस. या स्तंभात धूमकेतू किंवा नक्षत्रे वाचणारे दावे समाजमाध्यमांवर जोरात फिरतात, परंतु उत्खनन करणाऱ्या पुरातत्त्वज्ञांनी त्यांना दुजोरा दिलेला नाही. तसेच, हे जगातले पहिले मंदिर होते आणि इथे कोणी राहत नव्हते, हा श्मिट यांचा विचार आज जशाच्या तसा मांडता येत नाही. अलीकडच्या कामात राहत्या घरांचे आणि पावसाचे पाणी साठवण्याच्या सोयींचे पुरावे मिळाले आहेत. वास्तू मुद्दाम बुजवल्या गेल्या, या मताऐवजी उतारावरून घसरलेल्या मलब्याने त्या भरल्या असाव्यात, असे आता मानले जाते. जुन्या पुस्तिका आणि काही वाटाडे अजून जुनीच माहिती सांगतात, म्हणून हा बदल माहीत असणे गरजेचे आहे. २०२३ मध्ये याच ‘डी’ वास्तूत रंगाचे अंश शिल्लक असलेली रानडुकराची मूर्ती सापडली. आज फिकट दिसणारे हे दगड एके काळी रंगवलेलेही असू शकतील, हे त्यावरून ध्यानात येते.

परतण्यापूर्वी टेकडीच्या वरच्या बाजूने चारी दिशांना नजर टाकावी. दक्षिणेला हार्रानचे सपाट मैदान पसरलेले दिसते. ईशान्येकडे काराजादाग हा ज्वालामुखीय पर्वत आहे. आज पिकणाऱ्या एकदाणी गव्हाचे सर्वांत जवळचे रानटी नातलग त्याच्या उतारांवर आढळले आहेत. वेळ असेल तर त्याच दुपारी संग्रहालयाच्या पहिल्या दालनात पुन्हा तासभर जाऊन यावे. सकाळी जागा पाहून झाल्यावर त्या मूर्ती वेगळ्या दिसतात.

जुने शहर

शहराची स्थापना सेल्युकस निकेटर या अलेक्झांडरच्या सेनापतीने इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस केली आणि मॅसिडोनियातील एका नगराचे नाव तिला दिले, एदेस्सा. पुढे अबगर नावाच्या राजांचे ओस्रोएन राज्य, मग रोमन आणि बायझंटाईन अंमल, अरबांची सत्ता, १०९८ मध्ये क्रुसेडरांनी स्थापलेले पूर्वेतील पहिले राज्य, आणि ११४४ मध्ये झेंगी या तुर्क सत्ताधीशाने ते जिंकून घेणे, असा हा लांबलचक प्रवास आहे. ‘शानली’ म्हणजे गौरवशाली, ही उपाधी शहराच्या नावाला १९८४ मध्ये जोडली गेली.

फेरीची सुरुवात बालिक्लिगोल तलावापासून करावी. निमरूद राजाने पैगंबर इब्राहिम यांना आगीत टाकले, तेव्हा आगीचे पाणी झाले आणि लाकडांचे मासे झाले, अशी इथली श्रद्धा आहे. तलावातील मासे पवित्र मानले जातात, त्यांना कोणी धरत नाही, आणि काठावर मिळणारे दाणे टाकताच पाण्यात त्यांची झुंबड उडते. देवस्थानच्या कुंडातल्या माशांना चुरमुरे घालणाऱ्या माणसाला इथे परके वाटायचे कारण नाही. उत्तर काठावर १७३६ मध्ये बांधलेली रिझवानिये मशीद आहे आणि नैर्ऋत्य कोपऱ्यात हलिल-उर-रहमान मशिदीचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा मिनार आहे. जवळच्या दर्ग्याच्या आवारात इब्राहिम यांचे जन्मस्थान मानली जाणारी गुहा आहे. तिथे स्त्री-पुरुषांची प्रवेशद्वारे वेगळी आहेत. ही भाविकांची जागा आहे, त्यामुळे छायाचित्रण आवरते घ्यावे, स्त्रियांनी डोक्यावरून ओढणी घ्यावी आणि सर्वांनीच गुडघ्याखालपर्यंत कपडे घालावेत. शुक्रवारी दुपारची नमाजाची वेळ टाळावी.

वर किल्ल्यावर दोन उंच कोरिंथियन स्तंभ दिसतात. लोकांच्या तोंडी ती निमरूदाची गोफण आहे. प्रत्यक्षात एका स्तंभावरच्या सिरियाक लेखात राणी शालमाथचे नाव आहे आणि त्यावर तिचा पुतळा होता. किल्ला दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद ठेवण्यात आला होता. वर जाता आले नाही, तरी तलावाकाठच्या बागेतून स्तंभ उत्तम दिसतात.

सिरियाक ही भाषा इथलीच. पूर्वेकडील ख्रिस्ती धर्माची ती धर्मभाषा बनली आणि केरळमधील ख्रिस्ती समाजाच्या उपासनेत आजही ती टिकून आहे. संत थॉमस भारतात गेल्याची कथा सांगणारा प्राचीन ग्रंथ तिसऱ्या शतकात एदेस्सात रचला गेला असावा, असे अभ्यासक मानतात, आणि थॉमस यांचे अवशेष भारतातून इथे आणले गेले, अशी परंपरा आहे. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मास याने ‘कॅलियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे आणि ते ठिकाण बहुधा आपले कल्याण होय. कोकणच्या किनाऱ्यावरील त्या मंडळींच्या प्रार्थनेची भाषाही याच शहरात वाढलेली होती.

दुर्दैवाने त्या एदेस्साच्या वास्तू आज फार थोड्या शिल्लक आहेत. बाराव्या शतकातील उलू जामी या मोठ्या मशिदीच्या अंगणातील अष्टकोनी मनोरा पूर्वीच्या चर्चचा घंटामनोरा होता. सेलाहद्दिन एय्युबी आणि फिरफिर्ली या मशिदीही पूर्वी चर्च होत्या. त्यांची दर्शनी भिंत पाहताच ते ओळखू येते. १९१५ च्या संहारात इथला आर्मेनियन समाज नाहीसा झाला आणि उरलेले सिरियाक ख्रिस्ती १९२४ मध्ये अलेप्पोला निघून गेले. हे फलकांवर वाचायला मिळत नाही, पण या दोन वास्तूंत पाय ठेवताना ते ठाऊक असलेच पाहिजे.

तिथून बाजारात शिरावे. १५६२ मध्ये बांधलेल्या गुमरूक हानच्या चौकात झाडांखाली ठेंगण्या तिवयांवर बसून चहा घ्यावा. वरच्या मजल्यावर शिंप्यांची दुकाने आहेत. तांबटांच्या आळीत हातोड्यांचा ठोका सतत चालू असतो. मसाल्याच्या दुकानांत इसोत ही जांभळट काळी मिरचीची भुकटी मिळते. दिवसा उन्हात वाळवून रात्री झाकून ठेवल्याने तिला तेलकटपणा आणि धुरकट गोडवा येतो. कांदा-लसूण मसाल्याची सवय असलेल्या स्वयंपाकघरात ती सहज रुळते.

तिसरा दिवस: हार्रान

शहरापासून साधारण पंचेचाळीस किलोमीटरवरील हार्रानला बसस्थानकावरून मिनीबस जाते. सकाळी लवकर निघावे. मधमाशांच्या पोळ्यासारखी निमुळत्या घुमटांची घरे पाहायला लोक इथे येतात. ती दीडदोनशे वर्षांपूर्वीची आहेत. या मैदानात लाकूड दुर्मीळ आणि पडक्या शहराच्या विटा मुबलक, म्हणून तुळयांशिवाय उभे राहणारे घुमट लोकांनी रचले. गरम हवा वरच्या छिद्रातून निघून जाते आणि उन्हाळ्यात आत गारवा राहतो. घरांभोवती घोटाळणारी मुले वाटाडे होण्याचा आग्रह धरतात. नको असल्यास हसून, पण ठामपणे नकार द्यावा.

घरे पाहून परतू नये, कारण खरे हार्रान पुढे टेकाडाच्या पलीकडे आहे. आठव्या शतकाच्या मध्यात उमय्यद खलिफा दुसरा मारवान याने हार्रानला राजधानी केले आणि इथली मोठी मशीद बांधली. आज तिचा चौकोनी मिनार आणि काही कमानी उभ्या आहेत. इथे पोहोचल्यावर भ्रमणध्वनीतले नाबोनिडसच्या शिलापटांचे छायाचित्र उघडून पाहावे. चंद्रदेवाचे मंदिर याच शहरात होते, त्याचा जीर्णोद्धार या राजाने केला, आणि बाराशे-तेराशे वर्षांनी त्याच राजाचे शिलापट मशिदीच्या पायऱ्यांत बसवले गेले. भाविक त्यांच्या पाठीवरून चालत आत जात होते. चंद्रपूजेची परंपरा इस्लामी काळातही इथे काही शतके टिकली, आणि नवव्या शतकातील साबित इब्न कुर्रा आणि अल-बत्तानी हे खगोलज्ञ याच हार्रानचे होते. त्या आधी, इसवी सनपूर्व ५३ मध्ये, याच मैदानात पार्थियन धनुर्धरांनी क्रॅससच्या रोमन सैन्याची धूळधाण उडवली, आणि इसवी सन २१७ मध्ये कॅराकल्ला हा रोमन सम्राट इथे जवळच मारला गेला. तेराव्या शतकात मोंगोलांनी शहर उजाड केले, ते पुन्हा वसले नाही.

चौथा दिवस मिळाल्यास

गाडी आणि चालक ठरवून काराहान तेपेला जावे. सार्वजनिक वाहनाने तिथे पोहोचणे अवघड आहे. शहरापासून पूर्वेला पन्नास-साठ किलोमीटरवरील या स्थळी २०१९ पासून पुरातत्त्वज्ञ नेजमी कारुल यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन चालू आहे. मूळ खडकातच कोरून काढलेली एक खोली हे इथले वैशिष्ट्य आहे. तिच्यातील अकरा स्तंभांपैकी दहा मूळ खडकाला जोडलेले उभे आहेत, आणि भिंतीतून सर्पासारख्या लांब मानेचे एक मानवी मस्तक बाहेर आले आहे. गोबेक्ली तेपेला जे दुरून पाहावे लागते, ते इथे अधिक जवळून दिसते आणि गर्दीही कमी असते. ज्यांना एकच टेकडी शक्य आहे त्यांनी गोबेक्ली तेपे निवडावी. पण शक्य असूनही काराहान तेपे टाळणे ही चूक ठरेल. त्याच वाटेवर सोगमातार येथे चंद्रदेवाच्या पूजेशी जोडलेले दुसऱ्या शतकातील सिरियाक लेख आणि उठावशिल्पे खडकावर आहेत. हार्रान, सोगमातार आणि काराहान तेपे असा एकत्रित दिवसही आखता येतो, मात्र तो बारा तासांचा होतो. युफ्रेटिसकाठचे हालफेती गाव आणि रुमकाले किल्ला यांची बोटीची सफर निसर्गासाठी छान आहे, परंतु इतिहासासाठी आलेल्यांनी ती शेवटी ठेवावी.

खाण्यापिण्याबाबत

उर्फा मांसाहारासाठी प्रसिद्ध आहे आणि सकाळच्या न्याहारीलाच यकृताचा कबाब मिळतो. शाकाहारी मंडळींनी ‘एतसिझ’, म्हणजे मांसाविना, हा शब्द पाठ करावा. मसुराचे सूप सर्वत्र मिळते, पण ते कधी मांसाच्या पाण्यात शिजवलेले असते, म्हणून विचारून घ्यावे. चिग कोफ्ते मुळात कच्च्या मांसाचा पदार्थ असला, तरी दुकानांत मिळणारा प्रकार आज बहुतेक ठिकाणी फक्त दलिया, इसोत आणि टोमॅटोचा असतो. चीज, ऑलिव्ह, मध, ताजी भाकर आणि भाजलेली वांगी यांवर तीन दिवस उत्तम निघतात. रमजानमध्ये दिवसा बहुतेक खाणावळी बंद असतात. मिर्रा ही कडू कॉफी लहान कपात देतात. ती संपवून कप देणाऱ्याच्या हाती परत करावा, खाली ठेवू नये, अशी इथली रीत आहे.

ज्यांच्याकडे एकच दिवस आहे, त्यांनी सकाळी संग्रहालय उघडताच आत जाऊन दोन तास फक्त नवाश्मयुगाला द्यावेत, तिथून थेट गोबेक्ली तेपे गाठावी, आणि परतल्यावर सूर्यास्ताच्या सुमारास बालिक्लिगोलला जावे. दोन दिवस असतील तर दुसरा दिवस जुने शहर आणि मोझेक संग्रहालय यांत वाटावा, आणि हार्रान पुढच्या वेळेसाठी राखून ठेवावे.